दक्षिणेचं फाटक

१९७३ साल, मार्गशीर्षातला सोमवार, सकाळ. हजर माणसं: वाढीव बांधकामाची जागा बघायला आलेले नगररचनेचे साहेब, फीत धरायला त्यांचा शिपाई, माझे सासरे, धाकटे दीर, मी, आणि रस्त्यापलीकडच्या विणकराची बायको. आमचे हे मिलमध्ये पहिल्या पाळीला गेले होते. समोरच्या बाईला कुणी बोलावलं नव्हतं. आमच्या कुंपणाशेजारच्या सार्वजनिक नळावर ती पाण्याला आली होती. साहेब दिसले तशी भरली घागर कमरेवर घेऊन थांबली.

घर अक्कलकोट रस्त्यावर, पूर्वेला तोंड करून. पुढं थोडी मोकळी जागा, तिथं दिरांचा ट्रक उभा राहायचा. त्याच जागेत एक खोली वाढवायची होती. जाऊ बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगा झाला आणि तिच्या वडिलांनी निरोप धाडला: दोन खोल्यांत सगळं घर झोपतं, तिथं बाळंतीण पाठवत नाही. आधी खोली बांधा, मग न्यायला या.

साहेबांनी नकाशा उलगडला. त्यांना खोलीचं काही वाटत नव्हतं. ते ट्रककडे बघत होते.

"इथं खोली झाली की ही गाडी कुठं लावणार?"

"मागं परसात," दीर म्हणाले. "दक्षिणेच्या भिंतीला फाटक पाडणार, बोळातनं आत घेणार. नकाशात दाखवलंय की."

"नकाशात दिसतंय. भिंतीत दिसत नाही."

समोरची बाई घरात तेलुगू बोलायची, आमच्याशी मोडकंतोडकं मराठी. ती मला म्हणाली, "अक्का, कागदावर फाटक काढलं, तर गाडीबी कागदावरच लावा की."

शिपाई हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी तिला विचारलं, तुमचं म्हणणं काय?

"मी रोज नळाला येते. परतताना घागर भरलेली. गाडी रस्त्यावर उभी राहिली, तर अक्कलकोटकडून येणारं काय बी मला दिसणार न्हाय. नुसता आवाज येतो. आवाजावरनं किती लांब ते कसं कळावं?"

साहेबांनी ते लिहून घेतलं. जाताना बजावलं की हा रहदारीचा रस्ता आहे, गाडी रस्त्यावर राहिलेली चालणार नाही. फाटक आधी, खोली मग. मंजुरी आली तीही त्याच अटीवर.

मी कामाचा क्रम लावला. पहिलं फाटक, दुसरं परसातला चर बुजवणं, तिसरा खोलीचा पाया. विटा, वाळू, चुना येऊन पडला. गवंडी पहार घेऊन दक्षिणेच्या भिंतीपाशी गेला, आणि सासरे त्याच्या आडवे उभे राहिले.

"या भिंतीला माझ्या बापानं भोक पाडलं न्हाय. दक्षिणेला दार म्हणजे यमाला वाट."

"मामंजी, नकाशावर तुमचीच सही आहे," मी म्हणाले.

"सही केली. पोराची बायको यायला पायजे म्हणून केली. भिंत पाडतो म्हटलं न्हवतं."

दीर म्हणाले, वहिनी, आत्ता नको वाद. स्वामींना विचारू. आमच्या घरी जंगम स्वामींना विचारल्याशिवाय चूलही हलवत नसत. स्वामी म्हणाले, संक्रांत होऊ द्या, मग शांतीची पूजा करून फाटक पाडा. सगळ्यांना ते बरं वाटलं. गवंड्याला रिकामं कसं बसवायचं, म्हणून त्याला खोलीच्या पायावर लावलं. पाया खणायचा तर ट्रक हलवावा लागला. तो रस्त्याच्या कडेला गेला, चाकांमागं दगड लागले. चारच दिवस, असं दीर म्हणाले.

संक्रांत झाली. मग बारसं निघालं, मग सासऱ्यांचा गुडघा सुजला. खोलीवर पत्रे चढले. जाऊ बाळाला घेऊन आली आणि घरात इतका आनंद झाला की फाटकाचं मीच तेवढं बोलत राहिले. समोरची बाई येता-जाता विचारायची, "अक्का, यम आला का न्हाय अजून? का वाट बघतोय?" भिंतीपाशी झालेलं बोलणं गवंड्यानं साऱ्या गल्लीला सांगितलं होतं. मी म्हणायचे, बघते. ती म्हणायची, बघा बघा, तुम्हाला दिसतं.

फाल्गुनात, दुपारी नळाला पाणी आलं. दीर खेपेवरून येऊन नव्या खोलीत झोपले होते. समोरची बाई भरली घागर घेऊन परतताना ट्रकच्या तोंडापाशी आली, थांबली, कानोसा घेतला आणि पुढं झाली. ट्रकला वळसा घालून पाण्याचा टँकर येत होता. मी नळावर होते. घागरीचा आवाज आधी आला.

सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. पोलिसांनी टँकरच्या ड्रायव्हरला नेलं. उभ्या ट्रकबद्दल विचारलं, दिरांनी कडेला होता म्हणून सांगितलं. ते खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता गवंड्याला बोलावलं. खडूनं भिंतीवर फाटकाची खूण केली. सासरे काठी टेकत आले. आवाज चढला नव्हता. उलट मला समजावून सांगावं तसं ते बोलले.

"आता तर नकोच, पोरी. बघितलंस न्हवं? भिंत बंद हाय तर तो दारावरनं परत गेला. उघडी असती तर घरात शिरला असता. हितं तान्हं पोर हाय."

जावेनं बाळाला छातीशी धरलं आणि माझ्याकडे असं बघितलं की गवंड्यानं पहार खाली ठेवली.

काही महिने ट्रक लांब, पेट्रोल पंपाच्या आवारात राहिला. मग दिरांना ते दूर पडायला लागलं. आता तो पुन्हा घरासमोर असतो. नळ आहे तिथंच आहे. नळ पलीकडे द्यावा म्हणून अर्ज केला आहे. समोरचा विणकर आता स्वतः पाण्याला येतो. माझ्याशी बोलत नाही. जाताना ट्रकच्या पुढं उभा राहतो, घागर खाली ठेवतो, रस्त्यात डोकावतो, मग घागर उचलतो. तेवढ्या वेळात मी नळावरून हलत नाही.

सासरे अजून आहेत, हिंडतेफिरते आहेत. पावसात खडूची खूण गेली. मापं माझ्याकडे आहेत. दक्षिणेच्या भिंतीला फाटक पाडायचं आहे.