तहानलेलं पाखरू

पिंपरीच्या बसथांब्यावर ती बाई रोज मांडीवर डबा आणि डब्यावर पुस्तक ठेवून बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. कंपनीत झाडूकाम करायची; चौथीची परीक्षा पास झाली तर पॅकिंगला घेणार होते. एकदा कवितेतल्या ‘तृषार्त पाखरू’वर तिचं बोट अडलं. चौथी शिकूनही मला तो शब्द ठाऊक नव्हता. पुढच्या ओळी वाचून ती म्हणाली, “तहानलेलं असंल.”

“कशावरून? भुकेलं असेल.”

“मग दाणं टिपलं असतं की, आक्का. हे पानी पिऊन उडालं.”

“मास्तरांना विचार.”

“परीक्षेत मास्तर शेजारी बसनार हायेत व्हय?”

बस आली. तिची नजर पुढच्या शब्दावर होती. मी तिला दंडाला धरून वर चढवली.