मामाच्या सैल बांगड्या

माझ्या मामाएवढा डोक्याला ताप देणारा माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. शोधायची तसदी घेऊ नका, मी जन्मापासून भोगलंय. चिखलीजवळच्या आमच्या गावात त्याची पिठाची गिरणी. लग्न केलं नाही. मिशीला पीठ, डोळ्यांत काजळ आणि दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या. बरं, त्याच्या काटकुळ्या हातांना त्याही सैल! डबा उचलायला हात वर केला की सगळ्या खळ्ळकन कोपरापर्यंत, खाली केला की पंजावर. "मामा, निदान आपल्या मापाच्या तरी घाल रे," मी कितीदा कपाळ बडवून घेतलं. तर म्हणे, "दुसऱ्याची ठेव हाय, बाई. मापात फरक नाही चालत."

ही ठेव माझ्या आईची. मी शाळेत असताना बाबा गेले आणि चार बायका आईच्या बांगड्या फोडायला बसल्या. मामा मध्ये घुसला, बहिणीच्या बांगड्या साबण लावून उतरवल्या, आपल्या हातात चढवल्या आणि म्हणाला, "आता फोडा. पाहू कोण हात लावते!" कोणी लावला नाही. आईने मात्र पुन्हा कधी घातल्या नाहीत. ती लोकांना फार भिते. तेव्हापासून मामाच्या हातातली एखादी फुटली की तो कासाराकडून आईच्या मापाची दुसरी आणायचा. नुसती ठेव सांभाळली असती तर गोष्ट वेगळी, पण त्याला त्या आवडायलाच लागल्या ना! "किनकिन होते तं दळाले बरं वाटते," म्हणे. लोक 'बायल्या' म्हणायचे, हा मान डोलावून "हाव" म्हणायचा आणि पुढचा डबा घ्यायचा.

एकदा गिरणीतल्या रांगेत एक जण दुसऱ्यावर खेकसला, "हातात बांगड्या भरल्या काय बे?" झालं! मामाने गिरणी बंद केली. "बांगड्या भरलेल्या हातानंच तुह्या मायनं तुले भाकर चारली ना बे? मंग त्याची शिवी काऊन करतं?" तो माणूस शब्द मागे घेईना, मामा गिरणी सुरू करीना. इकडे घरी पाहुणे जेवायला बसायच्या बेतात आणि माझी अर्धी ज्वारी गिरणीच्या तोंडातच अडकलेली. मुद्दा खरा होता हो, पण पाहुण्यांना शेवटी मी खिचडी वाढली.

मग माझं लग्न ठरलं. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. आदल्या दिवशी व्याह्यांचा निरोप आला, मामांनी बांगड्या काढाव्यात, नाहीतर मुलीला काकांनी आणावं. माझं डोकंच फिरलं. "मी तुझ्याच हाताला धरून येणार, नाहीतर येणारच नाही," मी मामाला बजावलं. तर हा गरीब गाईसारखा म्हणतो, "काढतो की." आयुष्यभर गिरण्या बंद पाडल्या आणि ऐन वेळी हे! मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी भटजींनी पुकारलं, "मामा, मुलीला आणा." मामा माझा हात धरून निघाला तो मांडवात न जाता थेट मागच्या बाजूला, भांड्यांजवळ. शुभकार्यात विधवेनं पुढं येऊ नये म्हणून आई तिथं बसली होती. सगळ्यांदेखत त्याने एकेक बांगडी उतरवून तिच्या हातात चढवली. "अक्का, तुह्या तुले. हे लोकं मले काढाले लावून राह्यले, मंग ठेवू कुठं?" एकही सैल झाली नाही, एकही अडकली नाही. आईने हात मागे घेतले नाहीत. मामाने तर व्याह्यांचं ऐकलंच होतं! मामाच्या एका हाताला मी, दुसऱ्या हाताला आई, असे आम्ही मांडवात गेलो.

पाठवणीच्या वेळी मामाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. आवाजच झाला नाही. ज्या किणकिणीने मला जन्मभर पिडलं, तिच्यासाठी मी हमसून हमसून रडायला लागले. त्याच्या मोकळ्या मनगटांवर फिकट पट्टे उठले होते.

"रडून काऊन राह्यली?" मामा स्वतःचं ओघळलेलं काजळ पुसत म्हणाला. "कासाराले माप देऊन आलो. या खेपेले माह्या हाताचं."