थांब्यावरचा शर्ट

आर्णी रोडनं रोज दुचाकीवरून जाताना मला एक शेतकरी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटताना दिसायचा. नाव कधी विचारलं नाही. त्याच्या तुरीत अळ्या-उंदीर टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला टी-आकाराचा लाकडी थांबा होता आणि शेजारीच पक्ष्यांना हाकलायला मडक्याच्या डोक्याचं बुजगावणं. एकदा न राहवून मी गाडी थांबवली.

"भाऊ, पाखरायले बलावून राह्यले का हाकलून राह्यले?"

खर्रा घोटता घोटता तो म्हणाला, "थांबा कृषीवाल्या साहेबानं लावाले सांगतला. बुजगावणं बाप लावत जाय. कोनाचं मन कायले मोडा?"

बिळांपाशी उंदरांच्या विषाच्या गोळ्याही होत्या. त्या विकणाऱ्या दुकानदाराचं तरी मन का मोडावं!

"थांब्यावर घार येऊन उंदीर खाते ना, मंग विष काहून?" मी विचारलं.

"अन् ते आलीच नाही त?"

ती आली. लाल डोळ्यांची, पांढुरकी कापशी घार थांबा सोडून थेट बुजगावण्याच्या मडक्यावर बसायची आणि तिथूनच उंदीर टिपायची. मग एका सकाळी विष खाल्लेला उंदीर अर्धा खाऊन, उरलेला पंजात धरून ती त्याच बुजगावण्याच्या पायाशी मरून पडलेली दिसली.

त्यानं हळहळून खर्रा गालात सरकवला. "पाह्यलं? साहेबाचा थांबाच अपशकुनी निंघाला."

दुसऱ्या दिवशी थांब्यावर त्याचा जुना शर्ट चढला होता. शिंप्यानं थांब्याचंच माप घेतल्यासारखा तो चपखल बसला होता. आता तिथे दोन बुजगावणी पहारा देतात आणि त्यांच्या पायाशी उंदीर भरदिवसा तुरीच्या शेंगा सोलतात.

एवढ्या सगळ्यांत मन राखलं गेलं ते फक्त उंदरांचं.