भिंत चढेल ती कुत्र्याची

गुणाबाईला माणसांची पारख गोचिडांवरून होती. सोयरीक बघायला गेली की ती घर मागनं बघायची, पोरगा त्याच्याही मागनं. आधी थेट गोठ्यात शिरायची आणि बैलाची शेपटी उचलायची. शेपटीखाली गोचिडांचा घोस दिसला की चहाला हात न लावता माघारी. "जो शेपटी उचलून बघत नाय," ती म्हणायची, "तो सुनंला ताप आला तर काय बघनार हाय?" अशा चार सोयरिकी तिनं मोडल्या. त्यातला एक नवरामुलगा पुढं तहसीलदार झाला, तरी तिला पश्चात्ताप नव्हता. "तहसीलदार झाला, पन बैल खाजवतच मेला ना!"

पनवेलच्या अंगाला, कळंबोलीकडं जाणाऱ्या वाटेवर तिचं गावठाण. एके काळी सात म्हशी होत्या, २०१५ सालात एक उरली होती. भवरी. रोज सकाळी गुणाबाई तिच्या कानामागं, मांड्यांच्या बेचक्यात, कासेच्या मागं बोटं फिरवायची. गोचीड लागलीच हाताला तर चिमटीत धरून तोंडासकट उपटायची. दुपारी भवरी डबक्यात लोळायची आणि अंगाला चिखलाचा लेप देऊन यायची. सत्तरीच्या गुणाबाईला दुसरं काम नव्हतं, आणि नकोही होतं.

गोठ्याला लागून मोरपंख हाइट्स नावाची सात मजली बिल्डिंग उभी राहिली होती. त्या उन्हाळ्यात बिल्डिंगीत गोचिडी झाल्या. भिंतींवर, पडद्यांमागं, लिफ्टच्या आरशावर. दुसऱ्या मजल्यावर एका बाईंच्या मानेवर हळदीकुंकवातच गोचीड निघाली आणि सगळ्या बाया वाण तिथंच टाकून पळाल्या. सेक्रेटरी कृष्णकांतरावांनी अर्ज लिहिला: शेजारील म्हशीमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका, सबब म्हैस हटवावी. खाली त्रेसष्ट सह्या. सोमवारी अर्ज पालिकेत जाणार होता.

गुणाबाईचा मुलगा हितेश कळंबोलीच्या लोखंड बाजारात टेम्पो चालवायचा. गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या काढायचं त्याच्या मनात कधीपासून होतं.

"आये, अर्ज गेला तर आपला काय चालनार नाय," तो म्हणाला. "त्यापेक्षा आपनच इकू भवरीला."

"तुला इकते आधी," गुणाबाई म्हणाली, आणि कोपरापर्यंत शेणाच्या हातांनी तशीच उठून बिल्डिंगीत गेली.

रविवार होता. पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग चालली होती. कृष्णकांतराव हाफ पँटीत, हातात फाइल, पायाशी त्यांचा ऑस्कर. घोंगडीएवढ्या केसांचा कुत्रा, त्याचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली ते तो भुंकल्यावरच कळायचं.

"साहेब, गोचीर गावली कुठं?"

"चौथ्या मजल्यावर, मावशी. माझ्याच घरात."

"मंग माजी म्हस लिफ्टनं येते का चवथ्या माल्याला?"

मागच्या खुर्च्यांवर हसू फुटलं.

"म्हैस नाही येत. गोचीड येते, भिंत चढून."

"जनावराची गोचीर भित चढत नाय. पोट भरला का खाली परते, नि गवतात, मातीत जाते. भित चढते ती कुत्र्याची."

"ऑस्करला दर आठवड्याला इम्पोर्टेड शाम्पू लावतो आम्ही!"

"श्याम्पूनं गोचीर मरत नाय, साहेब. तिला नुसता वास चांगला येतो."

आता खुर्च्याच हलायला लागल्या. कृष्णकांतराव तांबडे झाले. "पुरावा आहे का काही?"

"लावा शर्यत!" गुणाबाई म्हणाली. "तुमच्या भितीवरची एक, जनावराच्या अंगावरची एक. म्हशीवाली भित चढली तर भवरीला मी सोता बाजारात नेते. नाय चढली तर अर्ज फारायचा. संध्याकाली, पाच वाजता."

घरी येऊन तिनं भवरीला कानापासून खुरापर्यंत चाचपली. एक गोचीड मिळेना. मांड्या उचकटून बघितल्या, शेपटी उलटी केली, कानात बॅटरी मारली. एक सापडेल तर शपथ! जन्मभर साफ केलेलं जनावर ऐन वेळेला असं उलटलं. हितेश हसून हसून बाजेवरून खाली पडला.

मग ती काशिरामकडं गेली. काशिराम नात्यानं तिचा दीर, बैलगाडीच्या शर्यतींचा जुना गडी. शर्यतींवर बंदी आल्यापासून त्याचा सरदार बैल दावणीला नुसता रवंथ करत होता आणि काशिराम ओटीवर नुसता बसून होता. दोघांचीही पोटं सुटली होती.

"वयनी, शर्यत?" एवढा शब्द ऐकला आणि काशिराम उठून उभाच राहिला. "कंची? कवा? कोन कोन हाय?"

तिनं सगळं समजावलं. "तुज्या बैलाची एक गोचीर दे. पन आयक, आपली पलवायची नाय. आपली थांबली का आपन जिकलो."

"हां हां," काशिराम म्हणाला, पण त्याचं ध्यान नव्हतं. सरदारच्या अंगावर एरंडाच्या बियांसारख्या टम्म फुगलेल्या पंचवीस गोचिडी होत्या. त्या सगळ्या सोडून त्यानं कानामागची एक लुकडी, तुरतुरी गोचीड निवडली. तळहातावर चालवून बघितली, पाय निरखले, गुलालाचा ठिपका लावला आणि काडेपेटीत घातली.

पाच वाजता पार्किंगमध्ये अर्धा गाव आणि अख्खी बिल्डिंग. भिंतीपासून एक वीत अंतरावर खडूची रेघ मारली. भिंतीवरची तपकिरी गोचीड कृष्णकांतरावांनी चमच्यात आणली होती, हातमोजे घालून. काशिरामनं काडेपेटी उघडली.

गुणाबाईनं आत बघितलं आणि काशिरामला कोपरानं ढोसलं. "ही कशाला आनलीस, मेल्या? जाडी आनायची ना!"

"जाडी पलंल काय, वयनी?"

बोलायला वेळ नव्हता. शिट्टी वाजली. दोन्ही गोचिडी रेघेवर बसल्या आणि बसूनच राहिल्या. गाववाले, ज्यांनी जन्मभर "पलव रं, पलव!" एवढंच ओरडलेलं, ते आता एका सुरात ओरडत होते, "थांब गो, थांब!" हितेश सगळ्यांत मोठ्यानं. खोल्या-बिल्या तो साफ विसरला होता.

पण काशिरामचं रक्त तापलं. तो तिरासारखा पुढं धावला, भिंतीला गाल लावून फरशीवर आडवा पडला आणि ओरडला, "ये सरदारच्या! हुर्रर्र, उचल!"

गुलालाची गोचीड हलली. पुढचे पाय हवेत उचलून तिनं अंदाज घेतला आणि सरळ भिंतीकडं निघाली. एक बोट. दोन बोटं. बिल्डिंगीतनं टाळ्या पडल्या.

"काशिराम, गप!" गुणाबाई किंचाळली. तो कसला गप! तेवढ्यात सत्तर वर्षं गोचिडीत गेलेल्या तिच्या डोक्यात लख्ख पडलं. ही भिंतीकडं नाय चालली, ही काशिरामच्या तोंडाकडं चाललीय. जनावर श्वास सोडतं, त्या श्वासावर गोचीड येते. तिनं काशिरामच्या तंगड्या धरल्या आणि त्याला फरफटत रेघेच्या मागं आणला.

"आता बोंबल!"

काशिराम बोंबलला. गोचीड थबकली, गर्रकन वळली आणि त्याच्या मिशांकडं तुरतुरायला लागली.

"फाउल! फाउल आहे हा!" कृष्णकांतराव ओरडले.

"मंग तुमी बी या ना! भितीशी झोपा नि बोलवा तिला!"

आणि कृष्णकांतराव झोपले. हाफ पँटीत, फाइल उशाला घेऊन, फरशीवर सपाट. "ये, ये ना, बाळा!" ते म्हणत होते. या बाजूनं काशिराम, "हुर्रर्र!" मधे गोचीड. तिनं एकदा इकडं पाय उचलले, एकदा तिकडं, आणि वैतागून पाय पोटाशी घेतले ते घेतलेच.

"वर बघा, वर!" कुणीतरी ओरडलं.

तपकिरी गोचीड, जिला कुणीच बोलावलं नव्हतं, ती निमूट भिंत चढून लाइटच्या बटणांपर्यंत पोचली होती आणि अजून चढतच होती.

पार्किंगमध्ये असा कल्ला झाला की वरच्या मजल्यावर झोपलेले दोघं भूकंप समजून जिन्यानं पळत आले. त्या गोंधळात गुणाबाईनं ऑस्करला मांडीत दाबला, कानाची पाळी उलटी केली आणि सगळ्यांना दाखवली. आत द्राक्षाचा घड लटकावा तशा गोचिडी, सगळ्या तपकिरी. वर शाम्पूचा घमघमाट.

कृष्णकांतराव फरशीवरून उठले, अंग झटकलं आणि अर्ज स्वतःच्या हातानं फाडला. त्रेसष्ट सह्यांचे दोनशे तुकडे. मग खालच्या आवाजात विचारलं, "मावशी, आता याचं काय करायचं?"

"डाक्टराकडनं औषध आना. नि नुसत्या कुत्र्याला लावून भागनार नाय, भितीच्या भेगा बुजवा, सोफ्याच्या मागं बघा. सकाली याला गोठ्यावर आना, मी हातानं येचते. माजा तरी हात रिकामाच हाय, भवरीला एक बी नाय."

तोवर काशिरामनं गुलालाची गोचीड परत काडेपेटीत घालून पेटी डोक्यावर घेतली होती. पुढं ताशा, मागं पोरं, बंदीनंतरची पहिली जिंकलेली शर्यत! मिरवणूक नाचत गुणाबाईच्या दारात आली. "वयनी, हिला पालनार हाय मी. सरदारच्या कानात परत सोरतो. खानदानी हाय!"

गुणाबाईनं काडेपेटी मागितली. ओवाळणार म्हणून काशिरामनं ती खुशीत दिली. ती आत गेली, चुलीपाशी बसली, पेटी उघडून निखाऱ्यावर पालथी केली. चट असा बारीक आवाज झाला.

"जिकली तरी गोचीरच ती," बाहेर येऊन रिकामी पेटी त्याच्या हातात देत ती म्हणाली. "आता घरी जा नि बैलाची शेपटी उचल."

काशिराम दोन महिने तिच्याशी बोलला नाही. पण सरदारचं अंग त्यानं आठवड्यात साफ केलं.