हुकमी गाव

आमच्या गावाची मतं आमदारसाहेबांना न मागता मिळायची आणि याचा आम्हाला केवढा अभिमान होता! आज आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. गाव वाटूर फाट्यापासून बरंच आत. नदीच्या अलीकडं आम्ही, पलीकडं हायस्कूल असलेलं मोठं गाव, आणि मधे पूल नाही. पावसाळ्यात नदी भरली की दोन-दोन दिवस शाळा बुडायची, म्हणून आमच्या मुली सातवीनंतर घरीच बसायच्या. मी गावातल्या सातवीपर्यंतच्या शाळेत मास्तर. दरवर्षी पहिल्या आलेल्या मुलीला दाखला देताना तो आता पत्र्याच्या पेटीत जाणार हे मला ठाऊक असायचं.

ऐंशीच्या दशकात नोकरीला लागलो तेव्हापासून पुलाचं निवेदन मीच लिहायचो. साहेब प्रचाराला आले की आमच्याच ओसरीवर बसत, कारण माझे वडील त्यांचे पोलिंग एजंट. निवेदनाची घडी करून ते खिशात घालत, ठेचा-भाकरीची तारीफ करत आणि म्हणत, हे तर माझं घरच आहे. पलीकडचं गाव मात्र दरवेळी अर्धं इकडं, अर्धं तिकडं. त्यांना शाळेच्या खोल्या मिळाल्या, नळ आले, डांबरी रस्ता झाला. आम्हाला सभामंडपाचा नारळ मिळाला. सभामंडप नव्हे, नुसता नारळ फुटला.

साहेबांना तरी कोणत्या तोंडानं दोष द्यावा? मत पक्कं असेल तिथं खर्च कोण करतो? घर की मुर्गी दाल बराबर. एवढं साधं गणित कळायला मला पंधरा-वीस वर्षं लागली, आणि मी शिकवायचो तेही गणितच.

माझी मुलगी सातवीत गेली त्याच वर्षी निवडणूक लागली आणि गावात मतदानाचं मशीन आलं. आधी सगळ्या गावांच्या चिठ्ठ्या मिसळून मोजत. आता आमच्या गावचा नेमका आकडा साहेबांना कळणार होता. मला वाटलं, हीच वेळ आहे. मारुतीच्या पारावर बैठक बोलावली आणि सांगितलं, पन्नास मतं विरोधात गेली पाहिजेत. साहेब पडणार नाहीत, पण दचकतील. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग प्रश्न आला, हे पन्नास कोण? एकाची सून साहेबांच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. एकाच्या आईचा निराधार योजनेचा पगार त्यांच्या शिफारशीनं चालू झालेला. एकाला विहिरीजवळ विजेची डीपी पाहिजे होती. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची सगळ्यांनाच होती, पण दुसऱ्याच्या हातानं. शेवटी ठरलं की ज्यानं त्यानं आपल्या मनानं बघावं. तिथंच मी उठून ओरडायला हवं होतं. ओरडलो नाही.

वडील बैठकीत गप्प होते. घरी आल्यावर मी त्यांच्यावरच घसरलो. म्हणालो, तुमच्या इमानदारीपायी तुमची नात घरी बसणार.

ते एवढंच म्हणाले, "सबद देल्ता त्यांना. आता पूल होवो न्हाई तं न होवो." चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

निकाल लागला. गावानं एक सोडून सगळी मतं साहेबांना दिली होती. एक! प्रत्येकाला वाटलं होतं, बाकीचे आहेतच की. साहेब सत्काराला आले, शाल घेतली, हसत हसत म्हणाले, तेवढं एक मत शोधून काढा. पुलाचा विषय निघाला नाही. पलीकडच्या गावाला त्याच वर्षी दवाखाना मंजूर झाला.

ते एक मत माझंच, असं सगळ्यांनी धरलं. मीही नाकारलं नाही. साहेब गेल्यावर ओसरीवर मुलीनं विचारलं, "बाबा, ते मत तुमचं ना?" मी नुसता हसलो. तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान मला आयता मिळत होता.

वडील खाटेवर बसले होते. ते म्हणाले, "त्याचं न्हाई, बाई. त्याच्या बदलीचा अर्ज साहेबाच्या खिशात हाये. ते मत माझं व्हतं."

खरंच होतं ते. त्या वर्षी आजारपणामुळं इलेक्शन ड्यूटीतून सुटलो होतो, म्हणून मत गावातच दिलं. मशीनसमोर उभा राहिलो, बदली आठवली आणि नेहमीचंच बटण दाबलं. वडील मात्र आयुष्यात पहिल्यांदा दिलेला शब्द मोडून आले होते, आणि संध्याकाळी त्यांनीच एजंट म्हणून एकूण मतदानाच्या आकड्याच्या कागदावर सही केली होती.

जूनमध्ये माझ्या बदलीची ऑर्डर आली, जालन्याजवळच्या शाळेत. मुलगी तिथं आठवीला जाणार होती. वडील आमच्याबरोबर यायला तयार झाले नाहीत.

त्या वर्षी सातवीत पहिली माझी मुलगी नव्हती, आमच्या शेजारची पोरगी होती. निघायच्या आदल्या दिवशी ती शाळेत आली. तिचा दाखला मीच लिहिला, शिक्का मारला आणि तिच्या हातात दिला.