तुरीचे नऊ दाणे

तुम्ही माझ्या गावचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. गावातल्या कुणाला हे ठाऊक नाही. बायकोला नाही, आईला नाही. बाप गेला तो मला गावातला सगळ्यात सरळ माणूस समजून गेला. आठ वर्षं झाली — आणि या आठ वर्षांत मी कितीतरी जणांना तोंडावर खोटारडं म्हणालो आहे. सरपंचाला म्हणालो, रेशनवाल्याला म्हणालो. लोक म्हणतात, बापूच्या तोंडात खोटं टिकत नाही. टिकतं. आठ वर्षं टिकलंय.

आधी मी कोण ते सांगतो. माझा बाप सालदार होता — दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबणारा. आमच्या घरात पदवीचा कागद आणणारा मी पहिला. तो कागद मी फ्रेम करून भिंतीवर लावलाय, येणाऱ्याला आधी तोच दिसतो, आणि त्याची मला लाज नाही. मंगरूळपीरला कॉलेजला जाताना मी एसटीत बसून अभ्यास केला, कारण घरात खोली एक आणि माणसं सात. म्हणून मला गावात अभ्यासिका हवी होती. चार भिंती, पंखा, टेबलं, परीक्षांची पुस्तकं. वाईट मागत होतो का मी? नाही ना? — हेच तर अवघड आहे. वाईट काही मागितलं असतं, तर कधीचा कबूल करून मोकळा झालो असतो.

त्या साली तालुक्याहून सांगणं आलं, की गावाच्या निधीतून कोणतं काम करायचं ते गावानेच ठरवावं. सरपंचाने नाही, ग्रामसेवकाने नाही. कसं ठरवायचं ते शिकवायला एक मॅडम आल्या. शाळेच्या मैदानावर त्यांनी बायकांकडून रांगोळीने अख्खं गाव काढून घेतलं — देऊळ, विहिरी, रस्ते, नाला, नाल्यापलीकडची वस्ती. मग मागणी असलेल्या प्रत्येक कामाचं एक रिंगण. ज्याला जे काम हवं, त्याने रजिस्टरात सही किंवा अंगठा करून त्या रिंगणात तुरीचा एक दाणा टाकायचा. जमीनवाल्याला एक, मजुरालाही एक. सही करणाऱ्याला एक, अंगठेवाल्यालाही एक. मला ते इतकं आवडलं होतं, की मी स्वतः घरोघर फिरून लोकांना बोलावलं. हे खोटं नाही.

रिंगणं पाच-सहा होती, पण खरी चुरस दोघांत. माझी अभ्यासिका, आणि नाल्यावरचा रपटा — पाणी असलं तरी पाय न भिजता पलीकडे जाता यावं एवढा सिमेंटचा बुटका पूल. वस्तीतली पोरं चौथीनंतर आमच्या गावच्या शाळेत येतात. पावसाळ्यात नाला भरला, की येत नाहीत. आठ-आठ दिवस येत नाहीत.

रपट्यासाठी शेवंताकाकू उभी होती. ही वस्तीतली म्हातारी, माझ्या आईसोबत एका ओळीत निंदण केलेली. तिची नात पूजा तेव्हा चौथीत होती, वर्गात पहिली. वस्तीची बहुतेक घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. त्या दिवशीही मुकादमाचा ट्रक फाट्यावर उभा होता. काही जण आदल्या दिवशीच दुसऱ्या गाडीने गेले होते. उरलेल्यांना काकूने अडवून धरलं. "ऊस काई पळून जात नाही," ती मुकादमाच्या तोंडावर म्हणाली. "दाना टाकतो, मंग येतो. तवरोक तू बिडी वढ."

दुपारपर्यंत दाणे टाकून झाले. मोजायचं जेवणानंतर ठरलं. शाळेमागे निंबाच्या सावलीत पंगत बसली. रांगोळीजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं — कोण? सगळ्यांच्या तोंडून माझंच नाव आलं. "बापू, तूच बैस राखनीले. तुह्यावर कोनी बोट नाही ठेवनार."

मी बसलो.

पुढचं मी स्वतःलाच किती तऱ्हांनी सांगून पाहिलंय! ऊन डोळ्यांवर होतं. मोबाइलमध्ये लक्ष होतं. भूक लागली होती. सगळं खरंच होतं, तसं. पण —

एक कोंबडी आली. शाळेच्या तुटक्या कंपाउंडमधून, उघड्या मानेची, तांबडी. देवळावरून चालली, विहिरीवरून चालली, रांगोळी विस्कटत नाला ओलांडला, आणि रपट्याच्या रिंगणात येऊन थांबली. मान वाकडी करून एकदा माझ्याकडे बघितलं तिने. मग — टक्.

मी ज्वारीच्या वावरात मचाणावर उभा राहून वाढलेला माणूस आहे. पाखरू दाण्याला शिवायच्या आत माझा हात उठतो; तो विचारून उठत नाही. त्या दिवशी उठला नाही. टक्. टक्. आणि मी नुसता बघत होतो असंही नाही. मी मोजत होतो. नऊ.

एवढ्यावर थांबलो तर तुम्ही म्हणाल, जाऊ द्या, उन्हाची गुंगी असेल. मलाही तेच म्हणायला आवडलं असतं. पण नवव्या दाण्यानंतर ती कोंबडी वळली, दोन पावलं चालली, आणि अभ्यासिकेच्या रिंगणाशी तिने मान खाली घातली.

तेव्हा माझा हात उठला.

"हाऽड!" — ओरडलो मी. जवळचं ढेकूळ उचलून फेकलं. कोंबडी फडफडत पळाली. माझ्या रिंगणातला एक दाणाही गेला नाही.

हेच ते. हेच मी आठ वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

आणि नेमकी त्याच वेळी शेवंताकाकू शाळेच्या कोपऱ्यावरून येत होती, माझ्यासाठी ताट घेऊन. तिने काय पाहिलं? पळणारी कोंबडी, आणि ढेकूळ फेकणारा मी. तिने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि पंगतीकडे वळून ओरडली, "पाहा व बायांनो! पोरगं उपाशी बसून एकेक दाना राखून राह्यलं!" पंगतीतून कुणी म्हणालं, "काहून हाकललं बे तिले? तिचं बी यादीत नाव असन!" सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

जेवणानंतर मॅडमनी मलाच मोजायला लावलं, मोठ्याने. अभ्यासिका चार दाण्यांनी पुढे निघाली. रजिस्टरातल्या सह्या-अंगठे आणि जमिनीवरचे दाणे जुळवून बघावेत, हे कुणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तर ते माझ्याच मनात येण्यासारखं होतं. आलंही होतं. ते नऊ असते तर रपटा पाच दाण्यांनी पुढे असता. पुन्हा टाका दाणे, एवढंच म्हणायचं होतं. वस्तीचे लोक समोरच उभे होते. मी म्हणालो नाही. त्यांनी लुगडी-धोतरं झटकली आणि फाट्याकडे चालू लागले. कुणी वाद घातला नाही — वाद घातला असता तर मला किती बरं झालं असतं!

काकू तेवढी रिंगणाशी उभी राहिली. "चार दाने," ती म्हणाली. "माह्या घरचेच चार. बराबरी तं झाली असती."

आदल्या दिवशी गेलेल्यांत तिचे दोन मुलगे होते, आणि दोन सुना.

अभ्यासिका झाली. चांगली झाली. तिथे बसलेली दोन पोरं पोलिसात गेली, एक तलाठी झाला. मला शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणात लोक माझं नाव घेतात. नाल्यापलीकडचं पोरगं मात्र मी तिथे अजून बसलेलं पाहिलं नाही. पूजा पाचवीला आली, सहावीला आली. सातवीच्या पावसाळ्यात तिचे इतके दिवस बुडाले, की दिवाळीनंतर आईबापाने तिला सोबतच नेलं. पटावर नाव राहिलं. ती कोयता धरायला शिकली.

आणि काकूने चूल वेगळी केली. म्हातारपणी, एकटीची. सणाला मुलगा पाया पडायला आला की ती म्हणे, "तुमचे चार दाने असते तं." बस, एवढंच. मग तेही म्हणेनाशी झाली, बोलणंच सोडलं. वस्तीही ग्रामसभेला येईनाशी झाली. आपले दाणे कमीच पडतात, म्हणतात. मी बोलवायला जातो. काकू हिंडती-फिरती होती तोवर मला खाटेवर बसवायची, चहा द्यायची. अंगणात तिच्या कोंबड्या असायच्या. पत्र्याच्या ताटलीत दाणे टिपायच्या — टक्, टक् — आणि माझ्याच्याने चहा संपायचा नाही.

किती वेळा सांगता आलं असतं? प्रत्येक वेळी. मी कपबशी खाली ठेवली आणि उठून आलो.

गेल्या महिन्यात तिचा थोरला मुलगा, पूजाचा बाप नामदेव, अभ्यासिकेच्या दाराशी आला. माझ्यापेक्षा वयाने मोठा, पण मला अहोजाहो करतो. आत या म्हटलं तरी आला नाही.

"बापू, एक इचारू? माय आता अंथरुनावर हाये. माह्यासंगं अजून बोलत नाही. तवा आमचे सच्चीच चारच दाने कमी होते का? जास्त असन तं सांगा. दहा म्हना, पंधरा म्हना. मायले सांगतो, का आमी असतो तरी पुरलं नसतं."

आत पोरं वाचत होती.

"चार," मी म्हणालो.

"तुमी मोजले म्हंजे बराबरच असन," तो म्हणाला. त्याने चपला उचलून हातात घेतल्या — नाल्याला अजून गुडघाभर पाणी होतं — आणि गेला.