माहेरच्या नावावरचे लेख

बारामतीच्या एका कॉलेजात मी संगणक शिकवते. खेड्यातल्या मुलांना प्रोग्रॅमिंग कसं शिकवलं की कळतं, हा माझ्या संशोधनाचा विषय. पीएच.डी.ची मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळावी यासाठी गेल्या वर्षी मी अर्ज केला. ती मान्यता माझ्यापेक्षा माझ्या इंदापूरच्या विद्यार्थिनीला जास्त हवी होती. तिचं लग्न ठरलं होतं. लग्नाआधी नोंदणी झाली तर पुढं शिकू देऊ, असं तिच्या सासरच्यांनी कबूल केलं होतं, आणि तिच्या विषयाला आसपास दुसरं कुणी मार्गदर्शक नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी सासूबाई लासुर्ण्याहून माझ्यासोबत आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांना कवळी बसवून घ्यायची होती, दवाखाना उघडायला वेळ होता, म्हणून त्या बाहेर बाकावर बसल्या.

आत समितीतल्या पाहुण्या सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आपल्या लेखांचा आधार इतरांनी किती वेळा घेतला, यावरून संशोधकाचा एक आकडा निघतो. माझा अगदीच किरकोळ, मान्यतेच्या अटीत न बसणारा निघाला होता. मला या आकड्यांचा मुळातच राग आहे. वर्गातल्या पोराचा चेहरा उजळतो, तो कुठल्या रकान्यात धरणार? पण त्या दिवशी तोंड मिटून बसले.

"दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे," सर म्हणाले. "एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी लूप तुम्ही कालव्याच्या पाणीपाळीवरून शिकवता. हीच पद्धत एका बाईंनी तुमच्या कितीतरी आधी मांडली आहे. त्यांचा लेख बराच वाचला जातो. तुम्ही त्यांचा साधा उल्लेखही केला नाही."

मी नाव बघितलं आणि मला हसू फुटलं. "सर, ही मीच. माझं माहेरचं नाव."

"आडनाव बदलतं, मान्य. इथं पहिलं नावही वेगळं आहे."

माझं हसू मावळलं. माझं आणि आत्यांचं नाव एकच, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं होतं. लेखांची मोजदाद ठेवणारा संगणक जुने लेखही आपोआप माझ्याच खात्यात घेत असेल, असं मी धरून चालले. सांगितल्याशिवाय यंत्राला काही कळत नाही, हे पोरांना वर्षभर घोकून घेणारी मी! शिवाय स्वतःच्याच लेखाचा उल्लेख काय करायचा, म्हणून तोही टाळला. आता मान्यता तर जाणारच, वर चोरीचा शिक्का.

"बाहेर माझ्या सासूबाई आहेत. त्यांना विचारा," मी म्हणाले. मुलाखतीत सासूला साक्षीला बोलावणारी बहुधा मी पहिलीच.

आत्या पदर सावरत आत आल्या. सरांनी विचारलं, "लग्नाआधी यांचं नाव काय होतं?"

"माझंच हुतं की," आत्या म्हणाल्या. "एका घरात दोघींना एकच हाक कशी मारायची? म्हून आमीच बदललं. का, काय चुकलं व्हय?"

सरांनी त्यांचं नाव विचारलं. पडद्यावरचंच होतं. सर खो खो हसले. लग्नाचा दाखला जोडा आणि दोन्ही खाती एक करून घ्या, म्हणाले. दोन्हीकडचं मिळून मोजल्यावर माझा आकडा अटीच्या वर गेला. छातीवरचा धोंडा उतरला, आणि आकड्यांवरचा राग त्या संध्याकाळपुरता तरी मी सोडून दिला.

कवळी बसवून परतताना मी आत्यांना सगळं समजावलं. त्या हळूच म्हणाल्या, "आमाला कुठं ठावं, तुजं लिवल्यालं समदं त्या नावावर हाय." चुकलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही वदवून घेतलं नाही.

मग मान्यता मिळणार हे सांगायला विद्यार्थिनीला फोन लावला. स्पीकर चालू होता. बातमी ऐकून ती आधी रडली, मग चाचरत म्हणाली, "मॅडम, नोंदणी कुठल्या नावानं करू? तिकडं माझं नाव बदलणार म्हणत्यात."

मी उत्तर जुळवत होते, तोवर आत्या फोनकडे वाकल्या. "पोरी, बापानं ठिवलंय त्येच टाक. आन् त्यास्नी म्हणावं, घरात हाक काय मारायची ती मारा, तेवढ्या कागदाला हात न्हाय लावायचा."